हनाबीची टाप : बालविभागाच्या प्रकल्प नोंदी

३० जून २०२४, रविवार

उन्हाळी सुट्टीत ग्रंथालयाच्या बालविभागात एक किस्सा झाला, तिथून हे सगळं सुरू झालं. चित्रांच्या पुस्तकात एक पान होतं : नदी, लव्हाळं, तरंगणारी टोपली, टोपलीत बाळ. एक मुलगी म्हणाली, “हा मोझेस.” दुसरी म्हणाली, “हट्, हा मूसा. माझ्या नानीला विचार.” तिसरा मागून डोकावला आणि ठामपणे म्हणाला, “हा कर्ण आहे.” तिघंही हमरीतुमरीवर आली. मला त्या क्षणी काहीही सुचलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि गोळ्या वाटल्या.

नंतर ते मनातून जाईना. म्हणून समितीच्या बैठकीत ‘वेगवेगळ्या धर्मांतले पैगंबर’ असा पावसाळी उपक्रम सुचवला आणि रीतीप्रमाणे तो सुचवणाऱ्याच्याच गळ्यात पडला.

मुलं चौदा, वय सहा ते नऊ. सगळी अलिबागच्या आसपासची. खोली वरच्या मजल्यावरची, सतरंजीची. मुलांची नावं या वहीत लिहिणार नाही, माझ्या खुणा पुरेत : छत्री, दातपडकी, चित्रकार, नानीची नात, वाडीवाली, कोळीवाड्याचा आणि इतर.

आखणी : भिंतीवर मोठा तक्ता, आठ चौकोन. अब्राहाम, मोझेस, एलिया, योना, योहान, येशू, जरथुस्त्र, मुहम्मद. दर शनिवारी चार वाजता एक. गणपतीच्या आत खलास.

(शेजारी पेन्सिलीने, नंतर लिहिलेलं : हा हा.)

६ जुलै, शनिवार

पहिला वर्ग फसला. इस्राएल आळीतल्या मावशी अब्राहामची गोष्ट सांगणार होत्या, त्या आल्याच नाहीत. फोनही उचलेनात. मुलं कंटाळली, मी घाईघाईने स्वतःच सांगायला लागले आणि पाचव्या मिनिटाला ‘मग तो या देशातून त्या देशात गेला’ अशी भूगोलाची शिकवणी झाली.

अंधार पडल्यावर मावशींकडे गेले. त्या दारातच हसल्या. “अगं, आज शब्बाथ. शनवार तेल्याच्या लेकीला तू शनवारी कामाला बोलावतेस?”

जमीन दुभंगावी असं वाटलं. माझी तिसरी पिढी अलिबागमध्ये. बेने इस्राएल लोक, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, हे मी लहानपणापासून ऐकलंय. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली ही त्यांची कथाही पाठ आहे. पण वेळापत्रक लावताना त्यातलं काहीही आठवलं नाही.

नवं वेळापत्रक बसवायला अर्धा तास गेला. शुक्रवारी जुम्मा, शनिवारी शब्बाथ, रविवारी सकाळी चर्चची मिस्सा. उरला रविवार दुपारी चार.

१४ जुलै, रविवार

धो धो पाऊस. दहाच मुलं. मावशी मात्र रिक्षा करून आल्या. अब्राहामऐवजी एलियाहू (तक्त्यावरचा एलिया) घेऊ म्हणाल्या, “आपल्या गावचा आहे तो.” त्यांच्याकडे संत-सत्पुरुषासारखी याच्यावर श्रद्धा. लग्न, नवस, नवं घर, काहीही असो, एलियाहू हनाबीचं नाव निघतंच.

गोष्ट अशी : तीन वर्षं पाऊस नाही. कार्मेल डोंगरावर एलियाहू डोकं गुडघ्यांत घालून बसलाय आणि नोकराला म्हणतोय, जा, समुद्राकडे बघून ये. नोकर जातो, येतो : काही नाही. पुन्हा जा. काही नाही. सातव्यांदा तो सांगतो, समुद्रातून एक छोटा ढग वर येतोय, माणसाच्या तळव्याएवढा.

मावशींनी छत्रीला नोकर केलं. तो सात वेळा खिडकीपर्यंत पळाला. बाहेर आभाळ इतकं भरलेलं की ‘काही नाही’ म्हणताना त्यालाच हसू फुटत होतं. सातव्यांदा सगळ्यांनी तळवे वर धरले. दातपडकीने तळवा डोळ्याला चिकटवला : “एवढा ढग असेल तर काहीच दिसत नाही.”

कोळीवाड्याच्या मुलाचा आक्षेप नोंदवून ठेवते : “एवढ्याशा ढगाने पाऊस येतो का ते वाऱ्यावर असतं. वारा कुठला होता?” मावशी म्हणाल्या, पुस्तकात ढगाबरोबर वाराही आलाय, दिशा दिलेली नाही. त्याने मान हलवली, समाधान झालं नाही.

वर्ग रंगला. गोष्ट एक, क्रिया एक, बास. आठ-आठ जणांची आगगाडी नको.

१८ जुलै, गुरुवार

तक्त्यावरून तीन तक्रारी, एकाच आठवड्यात.

पहिली, कोर्लईकडच्या एका आईची. शांतपणे म्हणाल्या, “ताई, येशूला तुम्ही संदेष्ट्यांच्या रांगेत बसवलंय. आमच्यासाठी तो देवाचा पुत्र. रांगेतला एक नाही.” बरोबर आहे. आठही चौकोन एकाच मापाचे काढले तेव्हाच मी एक मत मांडून मोकळी झाले होते, आणि मला वाटत होतं की मी तटस्थ आहे.

दुसरी, एका वडिलांची : मुहम्मदसाहेबांच्या नावाखाली मोकळा चौकोन ठेवलाय, उद्या एखादं पोर त्यात चित्र काढेल. हेही बरोबर. चित्रकार खडू घेऊन तयारच होता.

तिसरी : “आमच्या मुलाला हे कशाला?” त्यांना भेटून बोलले. मुलगा यायचा थांबला. तो चांगला प्रश्न विचारायचा.

तक्ता काढला. पाठकोऱ्या बाजूवर आता वाचनालयाच्या नव्या पुस्तकांची यादी आहे.

२८ जुलै, रविवार

आज शब्दांचा गोंधळ निस्तरायला घेतला. ‘पैगंबर’ म्हणजे पैगाम आणणारा, फारसी शब्द. मराठी बायबलात त्याला ‘संदेष्टा’ म्हणतात. मी मात्र शाळेच्या पुस्तकातल्या सवयीने ‘प्रेषित’ म्हणत होते. कोर्लईच्या टीचरनी थांबवलं : त्यांच्या मराठीत प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य, पेत्र वगैरे. मुसलमानांच्या मराठीत मात्र प्रेषित मुहम्मद सर्रास चालतं. एकच मराठी शब्द, दोन आळ्यांत दोन माणसं. शेवटी ठरवलं, ज्याची गोष्ट त्याचा शब्द.

मोठी मौज पुढे झाली. नानी (नातीला सोडायला येतात, मग बसतात) एलियाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, “हे तर आमचे इलियास नबी. कुराणात नाव आहे त्यांचं.” मावशी म्हणाल्या, “आम्ही हनाबी म्हणतो.” नानीची नात दोघींच्या तोंडांकडे बघत होती. एकदम ओरडली, “‘ह’ काढला की तेच!”

तसंच आहे. हिब्रूत ‘ह’ नावाआधी लागतो तो ‘तो अमुक’ अशा अर्थाने. हनाबी म्हणजे ‘तो नबी’. नबी अरबीत आणि हिब्रूत सख्खा. सात वर्षांच्या मुलीने हे कानाने पकडलं, मी पुस्तकात वाचूनही पकडलं नव्हतं.

मग मावशींनी आणखी एक पुडी सोडली : जुनी बेने इस्राएल माणसं सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणत. मुंबईत १७९६ साली बांधलेल्या त्यांच्या पहिल्या सिनेगॉगचं नाव लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. मुलांना यात काहीच नवल वाटलं नाही. नवल मोठ्यांना वाटतं.

पैगंबर म्हणजे पोस्टमन, असं छत्रीचं म्हणणं. लगेच वाडीवालीने खोडलं : “पोस्टमन पत्र वाचत नाही. याला वाचून दाखवावं लागतं, आणि लोक रागावतात याच्यावर.” फळ्यावर लिहून ठेवलं.

४ ऑगस्ट, रविवार

वर्ग नाही, मोठ्यांची बैठक. मावशी, नानी, कोर्लईच्या टीचर आणि मी. चहा, नानखटाई.

प्रश्न : चित्र नाही, तक्ता नाही, मग भिंतीवर काय? नानींनी नियम घातला. “चेहरा नको. सोंगही नको. कुणी पोरगं उभं राहून ‘मी नबी’ म्हणणार नाही.” मावशींनी मान डोलावली, मूर्ती-चित्रांचं त्यांच्याकडेही वावडंच. टीचरना अडचण नव्हती, त्यांच्या चर्चमध्ये चित्रं आहेत, पण त्या म्हणाल्या, “एक नियम सगळ्यांना सोपा.”

मग नानीच म्हणाल्या, “वस्तू ठेव ना. लाठी ठेव, टोपली ठेव.”

सासूबाईंची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून काढली. गंज घासून निळा रंग दिला. प्रत्येक गोष्टीची एक वस्तू ट्रंकेत जाणार. माणूस नाही, त्याच्या हातातलं किंवा वाटेतलं काहीतरी. मावशींनी सांगितलं की त्यांच्याकडे बाळाच्या सुंतेच्या वेळी एक खुर्ची रिकामी ठेवतात, ती एलियाहूची. कुणी बसत नाही. मला ते फार आवडलं. ट्रंकेत खुर्ची मावणार नाही म्हणून काडेपेटीची केली.

२५ ऑगस्ट, रविवार

मंगळवारी, २० तारखेला, खोरदाद साल झालं, पारशांच्या शहेनशाही पंचांगाप्रमाणे जरथुस्त्राचा जन्मदिवस. किहीमला सुट्टीला येणाऱ्या एक पारशी आंटी मुद्दाम थांबल्या.

जन्मल्यावर सगळी बाळं रडतात, हे बाळ हसलं, अशी परंपरा. मुलांनी हसून दाखवायची स्पर्धा लावली आणि आंटी दहा मिनिटं गप्प बसून राहिल्या, काय करणार. मग पुढची गोष्ट : तीस वर्षांचा असताना तो पहाटे नदीवर पाणी आणायला गेला आणि पाण्यातून वर येताना काठावर तेजस्वी रूप उभं दिसलं, चांगल्या मनाचं. ट्रंकेत तांब्याचा लोटा.

आंटींनी न वापरलेली कोरी कुस्ती (पारशी कमरेला बांधतात तो पवित्र गोफ) आणली होती, लोकरीच्या ७२ धाग्यांची. चित्रकाराने धागे मोजायचा प्रयत्न केला, अकरापर्यंत पोचला. फळ्यावर मी हुमत, हुख्त, हुवर्ष्त लिहिलं : चांगला विचार, चांगला शब्द, चांगलं काम. तिथला ‘हु’ म्हणजे आपला ‘सु’, आणि हुख्त म्हणजे थेट सूक्त. ही ओळख मुलांपेक्षा मलाच जास्त भावली, त्यांचं लक्ष आंटींच्या डब्यातल्या रव्याकडे होतं. पारशी ‘रवो’. उरला नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

उद्या ईद-ए-मिलाद, परवा अनंत चतुर्दशी. गावात दोन्हींची गडबड. तरी अकरा मुलं आली. आजची गोष्ट नानींनी निवडली.

मक्केत काबा नव्याने बांधत होते. भिंत चढली आणि काळा दगड बसवायची वेळ आली. कुठल्या टोळीने बसवायचा? तलवारी निघायची पाळी. ठरलं, की आता दारातून जो पहिला आत येईल त्याने निवाडा करायचा. मुहम्मद आत आले. तेव्हा ते पस्तिशीतले, देवाचा संदेश (वही) यायला अजून सुरुवात झालेली नव्हती, लोक त्यांना अल-अमीन म्हणत, भरवशाचा माणूस. त्यांनी चादर पसरायला सांगितली, दगड मधे ठेवला आणि प्रत्येक टोळीच्या माणसाला चादरीची कड धरायला लावली. सगळ्यांनी मिळून उचलला. जागेपाशी आल्यावर त्यांनी आपल्या हाताने बसवला.

नानींनी घरून वरवंटा आणला होता, मी सोलापुरी चादर. मधे वरवंटा, भोवती अकरा जण. लगेच भांडण : कोपरे चारच. ज्यांना कोपरा मिळाला नाही ते रुसले. खरं तर गोष्टीतली टोळ्यांची भांडणं मी सांगून जितकी कळली नसती तितकी इथे कळली. शेवटी कोळीवाड्याच्या मुलाने सोडवलं. त्याने कड मनगटाभोवती दोन वेढे घेऊन गुंडाळली, “जाळं असं धरतात, कोपरा लागतच नाही.” सगळ्यांनी तसं धरलं. वरवंटा दारापासून खिडकीपर्यंत हलत हलत गेला. एकदा घरंगळला, सगळे ओरडले, पण पडला नाही.

खिडकीपाशी येऊन थांबलो. इथून पुढे नानींचा नियम : दगड बसवणाऱ्याचं सोंग कुणी घ्यायचं नाही, तो भाग तोंडी. नानींनी सांगितला, नावापुढे दर वेळी दरूद (सलामाची दुआ) म्हणत. मुलं चादर धरून उभीच होती. हात दुखत असणार, पण कुणी खाली ठेवेना. दातपडकी कुजबुजली, “मग आता आपण काय करायचं?”

कुणालाच माहीत नव्हतं. हळूच जमिनीवर टेकवला.

वर्ग सुटल्यावर वरवंटा ट्रंकेत ठेवायला निघाले तर नानींनी हातातून घेतला. “हा माझा. रात्री चटणी वाटायचीय.” ट्रंकेत चादरीची चिंधी गेली.

२९ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष चालू, त्यामुळे कावळ्यांना भाव आहे.

दुष्काळात एलिया ओहोळाकाठी लपलेला. कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देतात. गोष्टीतला कावळा मोठ्या जातीचा, आपल्या कोकणात तो नसतो, म्हणून आम्ही डोमकावळ्यावर भागवलं. काळं कापड, आत कापूस. चित्रकाराने एका चोचीत पुठ्ठ्याची भाकरी दिली आणि दुसऱ्या चोचीत सुका बोंबील, मांस म्हणून.

शिवता शिवता वाडीवाली म्हणाली, “आमच्याकडे आपण कावळ्याला वाढतो. त्यांच्याकडे कावळा वाढतो.”

मी सुई थांबवली. यावर काहीतरी बोलावं असा मोह झाला. नाही बोलले.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले. मावशींचा पंचवीस तासांचा उपास, आज थकलेल्या होत्या तरी आल्या, कारण आजची गोष्ट त्याच दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये वाचतात : योना.

मुलांच्या दृष्टीने सगळ्यांत लाडका नबी हाच ठरला आहे, कारण हा पळून जातो. देव म्हणतो पूर्वेला निनवेला जा, आणि हा याफोच्या बंदरावर जाऊन उलट्या दिशेच्या गलबतात बसतो. छत्रीला जुलैतला पोस्टमन आठवला : “हा पत्रं खाडीत टाकून देणारा!” वादळ येतं, खलाशी चिठ्ठ्या टाकतात, योनाचं नाव निघतं, तो स्वतःच म्हणतो मला फेका. मग मोठा मासा, तीन दिवस, तीन रात्री.

इथे कोळीवाड्याचा उठला. देवमासा म्हणताय तर त्याचा घसा लहान असतो, माणूस जात नाही. २०१५च्या पावसाळ्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर देवमासा लागला होता, तो त्याच्या बाबांनी जवळून पाहिलेला, तेव्हा हा जन्मलाही नव्हता. “बाबा म्हणतात तोंड केवढंही असो, गिळतो बारीकच.” मावशींनी पुस्तक उघडलं. हिब्रूत देवमासा नाही, नुसतं ‘मोठा मासा’ आहे. “मग चालेल,” तो म्हणाला. “मोठा मासा कुठलाही असू शकतो.” आणि बसला. धर्मग्रंथाची इतकी सौजन्याने तपासणी मी पाहिली नव्हती.

नानींचा यूनुस हाच. माशाच्या पोटात त्याने केलेली दुआ त्यांच्या रोजच्या तोंडची, आयत-ए-करीमा. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचा फोन लागला नाही की त्या हीच म्हणतात. नातीला पाठ आहे. तिने म्हटली, आणि टेबलाखाली (तो मासा होता) शिरलेली पाच मुलं गप्प झाली.

शेवट मात्र मला स्वतःला नवा होता. निनवेचे लोक चक्क ऐकतात, सुधारतात, देव त्यांना सोडून देतो, आणि योना चिडतो. उन्हात फुरंगटून बसतो. देव एक रोप उगवून सावली देतो, दुसऱ्या दिवशी अळी लावून ते सुकवतो. योना रोपासाठी हळहळतो. तेव्हा देव विचारतो, तुला एका रोपाची कळवळ येते, मग मला या निनवेची येऊ नये का, जिथे एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, ज्यांना उजवं-डावंही कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरं? पुस्तक तिथेच संपतं. उत्तर नाही. कुराणातही यूनुसवर सावली येते, ती भोपळवर्गातल्या वेलाची, पण तिथे ती आजारी, थकलेल्या माणसाला आडोसा म्हणून येते, धडा म्हणून नाही. नानी आणि मावशी यावर बराच वेळ बोलत बसल्या, मुलं निघून गेल्यावरसुद्धा.

दातपडकीचा प्रश्न : “गुरांनी काय केलं होतं?”

निनवे आता इराकमध्ये, मोसूलजवळ. नकाशावर दाखवलं. ट्रंकेत मासा नको असं मुलांचं मत पडलं, सगळे मासाच ठेवतील. वाळलेलं पान आणि कापसाची अळी गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतरचा सुस्त वर्ग. सुलैमानची मुंगी घेतली. त्याचं सैन्य येताना बघून मुंगी बाकीच्यांना सांगते, बिळात शिरा, नाहीतर त्यांच्या पायाखाली नकळत चिरडल्या जाल. सुलैमानला तिची भाषा कळते, तो हसतो. नानींनी इतकं छान सांगितलं की घरी जाताना मुलं मुंग्या ओलांडून चालत होती. बायबलात हाच शलमोन शहाणा राजा, नबी नाही. इथे फरक सांगितला आणि मुलांनी तो ‘बरं’ म्हणून घेतला. ट्रंकेत साखरेचा दाणा काचेच्या बाटलीत. (नंतर लिहिलेलं : आठवड्यात खऱ्या मुंग्या लागल्या.)

२४ नोव्हेंबर, रविवार

अब्राहामची गोष्ट राहिलीच आहे. मुलाला बळी द्यायला निघालेला बाप. सहा वर्षांच्या मुलांसमोर मला ती सांगवत नाही. नानींचं मत उलट : “बकरीदेच्या घरातल्या पोरांना ती आधीच माहीत असते. भीती पोरांना नाही, तुला वाटते.” टीचर म्हणाल्या, मोठे झाल्यावर कळते. मावशी काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी विषय बदलला. अजून ठरलेलं नाही. ट्रंकेत जागा ठेवली आहे.

८ डिसेंबर, रविवार

हा प्रश्न येणारच होता. छत्री : “आमचा पैगंबर कोण?”

माझ्या मनात पटकन तुकाराम, बुद्ध, महावीर अशी रांग उभी राहिली आणि जुलैतला तक्ता आठवला. पुन्हा चौकोन भरायचे नाहीत. सांगितलं, की सगळ्यांकडे पैगंबर नसतो. बुद्धाला कुणी पाठवलं नव्हतं, त्याने स्वतः बसून शोधलं. वारकऱ्यांचे संत देवाचा निरोप आणत नाहीत, ते देवाशीच भांडतात, त्याला आई म्हणतात. काही घरांत पोस्टमन येतो, काही घरांत माणूस उठून स्वतः जातो. छत्री जरा नाराज झाला. त्याला एक हवा होता.

त्याची समजूत गाढवाने काढली. बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून चाललाय. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा. गाढवीला दिसतो, बलामला नाही. ती तीनदा थांबते, तो तीनदा मारतो. मग ती बोलते : मी तुझं काय बिघडवलं म्हणून मारतोस?

“रेडा!” चार-पाच जण एकदम. ज्ञानेश्वर, पैठण, रेड्यामुखी वेद. छत्री सगळ्यांत मोठ्याने. मग चर्चा झाली, मी फक्त फळ्यावर लिहीत होते. रेडा का बोलला? ब्राह्मण ऐकत नव्हते म्हणून. गाढवी का बोलली? मार बसला म्हणून. रेडा वेद बोलला, तो दुसऱ्याचा. गाढवी स्वतःचं बोलली. वाडीवालीचा निकाल : “गाढवी जास्त खरी वाटते. रेडा जास्त हुशार.” मेमधला टोपलीचा वाद मी मुद्दाम पुन्हा काढला. टोपली सारखी, नदी सारखी, पण मूसाची बहीण काठाने चालत लक्ष ठेवत होती. कर्णाच्या टोपलीबरोबर कुणी चाललं का? नाही, म्हणाली मुलं. थोडा वेळ कर्णाबद्दल वाईट वाटून घेतलं.

‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य मी या वहीत कधी लिहिलेलं नाही, आणि आता वाटतं, ते मुलांना सांगितलं असतं तर ही बहीण आम्हाला दिसलीच नसती.

२२ डिसेंबर, रविवार

कोर्लईला गेलो, टीचरच्या घरी, नाताळचा गोठा बघायला. तिथली म्हातारी माणसं अजून घरात पोर्तुगीज वळणाची आपली बोली बोलतात, तिला ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. कार्मेल ऐकून दातपडकीने तळवा वर केला. ढगवाला डोंगर.

येशूबद्दल तीन मोठ्या माणसांनी तीन वाक्यं सांगितली. टीचर : देवाचा पुत्र. नानी : ईसा नबी, मरियमचा मुलगा, पाळण्यात असतानाच बोलला. मावशी : आमच्या पोथीत त्याची गोष्ट नाही. मी काहीही जोडलं नाही. नानीच्या नातीने विचारलं, कुलकुल (नाताळचा गोड खाऊ) आणखी आहेत का. होत्या.

१२ जानेवारी २०२५, रविवार

हिशोब : रंग, कापड, पुठ्ठा, रिक्षा मिळून १,८४० रुपये. ग्रंथालयाने हजार दिले. चादर माझी, भोक पडलंय.

ट्रंकेत सध्या : कावळे दोन (एकाची चोच गेली), काडेपेटीची खुर्ची, लोटा, चिंधी, पान, अळी, बाटली (साखर नाही), टोपली, गाढवीचा कान. मागून आलेले पाहुणे झाकण उघडून विचारतात, यात पैगंबर कुठे आहेत? मुलं सांगायला लागतात आणि अर्धा तास थांबत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

अलिबागजवळचं खंडाळे. गुरुवारी, १३ तारखेला, तू बिश्वात झाला, झाडांचा सण. बेने इस्राएल लोकांची श्रद्धा आहे की एलियाहूचा अग्निरथ इथून वर गेला, आणि कातळावर घोड्यांच्या टापांच्या, चाकांच्या खुणा राहिल्या. त्या दिवशी इथे गर्दी असते आणि शाळाही होती, म्हणून आम्ही आज गेलो. दोन सहाआसनी रिक्षा, बारा मुलं, मोठे चार.

मावशींनी मलिदा घरून करून आणला होता : भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम-बेदाणे, ताटाच्या कडेने पाच फळं. फळांना आशीर्वाद म्हणतात ते सरसकट नाही, झाडाच्या फळाचा वेगळा आणि जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. मावशींनी खजूर उचलला, झाडाचा. मग केळं उचललं आणि मुलांना विचारलं, “हे कुठलं?”

“झाडाचं!”

“नाही,” वाडीवाली म्हणाली, तोंडात आधीच काहीतरी होतं. “केळीचं झाड नसतं. घड काढला की ती कापतात, मग बाजूने पिल्लं येतात. खोड म्हणजे नुसती सोपटं.”

मावशींनी केळं खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या रब्बींनी नेमकं याच कारणाने केळं जमिनीच्या आशीर्वादात घातलंय. हे त्यांनी मला नंतर रिक्षात सांगितलं. तिथे फक्त जमिनीचा आशीर्वाद म्हटला आणि पहिलं केळं वाडीवालीला दिलं.

मग कातळ. टाप कोणती आणि चाकाची घसट कोणती यावर दोन तट. छत्रीने किनाऱ्यावरच्या घोडागाड्यांचे घोडे जवळून पाहिलेत, त्याच्या मते खळगा घोड्याच्या मानाने मोठा आहे. “अग्नीचे घोडे होते,” नानीची नात म्हणाली, “ते मोठेच असणार.” दातपडकीच्या (आता दात आलेत) पुढची दोन मुलं सरकली, तिने हात घातला. तळवा बरोबर बसला.

ट्रंकेसाठी इथला दगड न्यायचा नाही, हे मावशींनी निघतानाच बजावलं होतं. म्हणून चित्रकाराने कागद कातळावर धरला आणि मेणखडूने घासायला घेतलं. काळ्या रेघा उमटायला लागल्या, वळसा दिसला, सगळी डोकी कागदावर. तेवढ्यात खालून रिक्षावाल्याने हॉर्न मारला, कोपरा धरणाऱ्याने मान वळवली आणि कागद फाटला. छाप अर्धाच आला. तोच घेऊन आलो.